एका उत्तराला नऊ मिनिटं

संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे चार पेपर असतात. त्यातल्या पहिल्या तिन्हींची रचना सारखी आहे: अडीचशे गुण, तीन तास, वीस प्रश्न, आणि एकही प्रश्न ऐच्छिक नाही. दहा प्रश्न दीडशे शब्दांचे, दहा अडीचशे शब्दांचे. बेरीज केली तर चार हजार शब्द होतात. १८० मिनिटं वीस प्रश्नांत वाटली की एका उत्तराला नऊ मिनिटं मिळतात. प्रश्न वाचणं, तो नेमकं काय विचारतो आहे हे ओळखणं, मुद्दे आठवणं, त्यांचा क्रम ठरवणं आणि हाताने लिहिणं हे सगळं त्या नऊ मिनिटांत बसवायचं. प्रश्न आणि उत्तर एकाच छापील पुस्तिकेत असतात. दहा गुणांच्या प्रश्नाखाली दोन पानं मोकळी, पंधरा गुणांच्या प्रश्नाखाली तीन. पुरवणी मिळत नाही. असा एक पेपर सकाळी आणि तसाच दुसरा त्याच दिवशी दुपारी.

पुण्यात नवी पेठेत मी मुलांची ही उत्तरं तपासते. मूळची अहमदपूर तालुक्यातली, लातूर जिल्हा. मराठीत एमए केलं, ही परीक्षा मराठीतून दिली, दिल्लीला धोलपूर हाउसमध्ये मुलाखतही देऊन आले. अंतिम यादीत नाव आलं नाही. पुढे काही वर्षं महाविद्यालयात शिकवलं आणि आता पूर्णवेळ हेच काम करते. माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं मराठवाड्यातली, खानदेशातली आणि सोलापूर-सांगलीच्या दुष्काळी तालुक्यांतली. ती अभ्यासिकेत महिन्याची फी भरून एक खुर्ची घेतात, कॉट बेसिसवर राहतात, मेसमध्ये जेवतात आणि सकाळी सातला पुस्तक उघडतात. त्यांच्या घरचे लोक मला फोन करतात तेव्हा एकच विचारतात, "मॅडम, अजून किती दिवस?" हा लेख मी त्या घरांसाठी लिहिते आहे. मूल यूपीएससी करतंय म्हणजे दिवसभर नक्की काय करतंय, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नाही.

आधी आकडे. २०२४ च्या परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले. प्रत्यक्ष पूर्वपरीक्षेला बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीला २,८४५ आणि शेवटच्या यादीत नावं आली १,००९. अर्ज केलेले चार लाखांहून जास्त जण परीक्षेला गेलेच नाहीत, याचं अनेकांना नवल वाटतं. त्यामागे हिशेब आहे. नुसता अर्ज भरल्याने संधी खर्ची पडत नाही, पण पूर्वपरीक्षेचा एक पेपर जरी दिला तरी ती मोजली जाते. खुल्या गटाला बत्तीस वर्षं वयापर्यंत सहा संधी आहेत, इतर मागासवर्गाला पस्तिशीपर्यंत नऊ, आणि अनुसूचित जाती-जमातींना सदतिसाव्या वर्षापर्यंत संधींची मर्यादा नाही. त्यामुळे तयारी अपुरी वाटली की मुलं तो दिवस सोडून देतात. घरच्यांना वाटतं, फॉर्म भरला होता मग गेला का नाही. तो संधी वाचवत असतो.

यादीतले सगळे जिल्हाधिकारी होत नाहीत, हेही सांगायला हवं. भारतीय प्रशासकीय सेवेच्या जागा असतात १८० च्या आसपास. बाकीचे पोलीस, परराष्ट्र, महसूल, लेखा, रेल्वे अशा सेवांमध्ये जातात.

पूर्वपरीक्षेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिच्यावर सगळेच बोलतात. एकाच दिवशी दोन पेपर, दोन्ही पर्यायी उत्तरांचे. पहिल्यात शंभर प्रश्न, दोनशे गुण. तीन उत्तरं चुकली की एका बरोबर उत्तराचे गुण जातात. २०२४ मध्ये खुल्या गटाचा कटऑफ ८७.९८ होता आणि त्याआधीच्या वर्षी ७५.४१. म्हणजे दोनशेपैकी निम्मेही गुण न मिळवता मुलं पुढे गेली आहेत, आणि तरीही शंभरातली जेमतेम अडीच जातात. दुसरा पेपर सीसॅटचा, म्हणजे आकलन, तर्क आणि गणिताचा. २०११ मध्ये तो आला आणि मोठ्या आंदोलनानंतर २०१५ पासून फक्त पात्रतेपुरता उरला. त्यात तेहतीस टक्के मिळवायचे असतात. एकही उत्तर चुकू न देता ऐंशीपैकी सत्तावीस प्रश्न सोडवले तरी काम भागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण अलीकडच्या वर्षांत कला शाखेच्या मुलांचा घात याच पेपरने केला आहे. बारावीनंतर गणित सुटलेल्या मुलाने पहिल्या दिवसापासून रोज अर्धा तास त्याला द्यावा, असं मी सांगते. पूर्वपरीक्षेचे गुण पुढे कुठेही धरले जात नाहीत. ती पार झाली की गुणांची पाटी पुन्हा कोरी.

खरी मोजणी १,७५० गुणांच्या लेखी परीक्षेची आणि २७५ गुणांच्या मुलाखतीची, एकूण २,०२५. निबंधाचा एक पेपर, सामान्य अध्ययनाचे चार, वैकल्पिक विषयाचे दोन. इंग्रजीचा आणि एका भारतीय भाषेचा पेपर असतो, पण तिथे पंचवीस टक्के मिळवले की झालं. ते मिळाले नाहीत तर मात्र बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत. २०२४ ला देशात पहिली आलेल्या प्रयागराजच्या शक्ती दुबे यांना १,०४३ गुण होते, साडेएक्कावन्न टक्के. खुल्या गटातल्या शेवटच्या उमेदवाराला ९४७. त्याच वर्षी आपल्या पुण्याचा अर्चित डोंगरे देशात तिसरा आला. पहिल्या आणि खुल्या गटातल्या शेवटच्या उमेदवारात फरक ९६ गुणांचा, आणि तोही सात पेपर व मुलाखत यांच्यात विभागलेला. एका उत्तरामागे अर्धा-पाऊण गुण वाढला की यादीतली जागा शेकड्यांनी बदलते. हे मी पालकांना वहीवर आकडेमोड करून दाखवते, कारण ते समजलं की मुलाने काय करायला हवं हेही समजतं.

मूल करतं काय? वाचतं. लक्ष्मीकांत यांचं राज्यव्यवस्थेचं जाड पुस्तक, एनसीईआरटीची सहावी ते बारावीची पुस्तकं, आपली बालभारतीची पुस्तकं, 'योजना' आणि 'कुरुक्षेत्र' ही मासिकं, एक इंग्रजी आणि एक मराठी दैनिक. अप्पा बळवंत चौकातून नोट्सचे गठ्ठे येतात, मोबाइलवर आणखी गठ्ठे येतात, आणि वाचून झालेल्या पानांवर पिवळ्या-हिरव्या रेघा वाढत जातात. वाचनाला मोल आहेच, त्याच्याशिवाय काही उभं राहत नाही. पण बारा तास वाचणाऱ्या कित्येक मुलांनी अख्ख्या महिन्यात एकही पूर्ण उत्तर वेळ लावून लिहिलेलं नसतं. विचारलं की म्हणतात, "आधी सिलॅबस संपू दे, मग लिहितो." या परीक्षेचा सिलॅबस संपत नाही. सामान्य अध्ययनाच्या तिसऱ्या पेपरात शेती, अर्थसंकल्प, जैवविविधता, अंतराळ तंत्रज्ञान, आपत्ती व्यवस्थापन आणि सीमाभागातली सुरक्षा एकत्र आहे. हे संपलं असं कोण म्हणेल? मी पाहिलेल्या मुलांपैकी जी पुढे गेली, त्यांनी अर्धवट तयारीतच लिहायला सुरुवात केली होती. काय येत नाही हे त्यांना लिहिता लिहिता कळत गेलं.

आमच्याकडे आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात मी एकच काम देते. रोज एक प्रश्न, घड्याळ लावून, दोन पानांत. पहिले काही दिवस हात दुखतो. वर्षानुवर्षं फक्त टिक करणाऱ्या आणि मोबाइलवर टाइप करणाऱ्या पिढीला तीन तास सलग लिहिण्याची सवय उरलेली नाही. मराठीतून लिहिणाऱ्याचा हात आणखी जपावा लागतो, कारण देवनागरीत वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं आणि वरची रेघ यांत वेळ जातो. वेळ वाचवायला काही मुलं शिरोरेघ गाळतात. मी गाळू देत नाही. शिरोरेघ गेली की घाईच्या अक्षरात 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध' एकसारखे दिसू लागतात, आणि शेकडो पुस्तिका तपासणाऱ्या परीक्षकाला एका शब्दापाशी थांबायला लावणं उमेदवाराला परवडत नाही. त्यापेक्षा वाक्य लहान करा, दोन विशेषणं काढा. वेळ तिथे वाचतो.

मराठीतून ही परीक्षा देता येते हे आज गृहीत धरलं जातं, पण ही सोय मिळवावी लागली. इंग्रजांच्या काळात आयसीएसची परीक्षा आधी फक्त लंडनला होत असे. रायगडचे चिंतामणराव देशमुख १९१८ मध्ये तिथे पहिले आले, ते इंग्रजीतून. १९२२ पासून ती भारतातही होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर भौतिकशास्त्रज्ञ दौलतसिंह कोठारी यांच्या समितीने १९७६ मध्ये अहवाल दिला. १९७९ पासून पूर्व, मुख्य आणि मुलाखत ही आजची तीन टप्प्यांची रचना आली, आणि मुख्य परीक्षा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत लिहिण्याची मुभा मिळाली. मार्च २०१३ मध्ये आयोगाने या मुभेवर अटी घातल्या, तेव्हा संसदेत आणि महाराष्ट्रात मोठा विरोध झाला आणि त्या मागे घ्याव्या लागल्या. माझ्यासारखीला धोलपूर हाउसची पायरी दिसली ती या मुभेमुळे. म्हणून हा इतिहास मी पहिल्याच दिवशी मुलांना सांगते.

पण एक अडचण तशीच आहे. उत्तर मराठीत लिहिता येतं, प्रश्न मात्र मराठीत छापलेला नसतो. भाषा-साहित्याचे पेपर सोडले तर प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत येते. पूर्वपरीक्षाही तशीच. म्हणजे आष्टी किंवा शिरपूरचा मुलगा प्रश्न इंग्रजीत वाचणार, हिंदीशी ताडून बघणार आणि उत्तर मराठीत लिहिणार, त्याच नऊ मिनिटांत. हिंदीतून परीक्षा देणाऱ्याला हा फेरा नाही. तमिळ, कन्नड, बांगला, मराठी लिहिणाऱ्यांना आहे. मला हा अन्याय वाटतो, आणि तो दूर होईपर्यंत त्याच्याशी झुंजायला मुलांना तयार करणं हे माझं काम आहे. मराठी माध्यमातून देणार म्हणून इंग्रजी सोडून चालत नाही, इंग्रजी वाचन उलट जास्त लागतं. रोज इंग्रजी दैनिकातला एक अग्रलेख वाचायचा आणि त्याचं सार आठ ओळींत मराठीत लिहायचं, हा व्यायाम मी न चुकता करून घेते. मराठी पारिभाषिक शब्दासोबत कंसात इंग्रजी संज्ञा द्यायला नियमाने परवानगी आहे, तिचा उपयोग करायचा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेवायचे. तरीही एखाद्याचं इंग्रजी लेखन चांगलं असेल तर मी त्याला इंग्रजीतूनच लिहायला सांगते. ज्या भाषेत विचार थांबत नाही, ती निवडावी.

आता उत्तरात काय असतं ते सांगते. एक प्रश्न मी दरवर्षी देते: ग्रामसभेला कायद्याने अधिकार मिळाले, पण ती प्रत्यक्षात प्रभावी का ठरत नाही? आष्टी तालुक्यातल्या एका मुलाने लिहिलेलं पहिलं उत्तर असं होतं. सुरुवात वैदिक काळातल्या सभा आणि समितीपासून. मग महात्मा गांधींचं ग्रामस्वराज्य. मग ७३ वी घटनादुरुस्ती, कलम २४३-अ. एवढ्यात दीडशेपैकी नव्वद शब्द संपले. उरलेल्या साठ शब्दांत कारणं होती: जनजागृतीचा अभाव, निधीची कमतरता, राजकीय हस्तक्षेप. शेवटी 'सर्वांनी मिळून प्रयत्न करणे ही काळाची गरज आहे'. एकही वाक्य चुकीचं नव्हतं. पण हीच तीन कारणं आरोग्याच्या, शिक्षणाच्या, पाण्याच्या कोणत्याही प्रश्नाखाली चिकटवता येतात, आणि परीक्षकाने ती त्या दिवशी किती वेळा वाचली असतील याचा अंदाज करता येतो.

मी त्याला विचारलं, तुझ्या गावात ग्रामसभा होते कशी? वडील एकेकाळी ग्रामपंचायत सदस्य होते, त्याला सगळं माहीत होतं. तो सांगू लागला. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर सभा लागते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तेवढे लोक हवेत. तेवढे येत नाहीत. सभा तहकूब होते. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग पुढच्या तारखेला दहा-बारा लोकांत सगळे ठराव मंजूर होतात आणि सह्यांचं रजिस्टर नंतर घरोघर फिरतं. नियमित सभेआधी महिलांची सभा घ्यायची असा नियम आहे, तिची नोंदही त्याच रजिस्टरात होते, सभा झालेली असो वा नसो. ऊसतोडीला गेलेली अर्धी गल्ली दिवाळीनंतर गावात नसतेच, म्हणजे सव्वीस जानेवारीच्या सभेला मतदार यादीतली माणसं कारखान्याच्या फडात असतात.

मी म्हटलं, हे का नाही लिहिलंस? तो म्हणाला, "मॅडम, हे पुस्तकात नाही."

त्याने दुसऱ्यांदा उत्तर लिहिलं. पहिल्याच वाक्यात कलम २४३-अ आलं आणि लगेच मुद्दा: अधिकार कोणते द्यायचे हे घटनेने राज्यांवर सोडलं, त्यामुळे ग्रामसभेची ताकद राज्यागणिक बदलते. पुढे गणपूर्तीचा नियम आणि तहकुबीची पळवाट, हंगामी स्थलांतर, महिला सभेची कागदावरची नोंद. मग उलट बाजू: गडचिरोलीतलं मेंढा-लेखा. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते आहे. ग्रामसभेच्या हाती बांबूसारखं खरं उत्पन्न आलं की लोक सभेला येतात, हा त्यातून निघणारा निष्कर्ष. शेवटी दोन ठोस सुचवण्या: तहकूब सभेलाही किमान गणपूर्ती ठेवावी, आणि स्थलांतराच्या तालुक्यांत सभेच्या तारखा हंगाम पाहून ठरवाव्यात. एकूण एकशे पंचावन्न शब्द झाले. पहिल्या उत्तराला मी तीन गुण दिले होते, दुसऱ्याला साडेपाच. दहापैकी साडेपाच ही या परीक्षेत चांगली कमाई आहे.

एवढं सविस्तर लिहिलं, कारण माझं सगळं म्हणणं या दोन उत्तरांत आहे. खेड्यातून आलेली मुलं आपल्याला काही येत नाही असं समजून पुण्यात येतात आणि आपल्याजवळ जे आहे ते बाजूला ठेवून दुसऱ्याच्या नोट्स पाठ करतात. दुष्काळ, रेशन दुकान, रोजगार हमीचं काम, सात-बारावरची नोंद, टँकरची रांग, आश्रमशाळा हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं आहे. रोजगार हमी योजना महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली आणि २००५ च्या राष्ट्रीय कायद्याला तिचा पाया मिळाला, हे पुस्तकात आहे. त्या दुष्काळात खडी फोडलेली आजी ज्याच्या घरात आहे, त्याने तिला दोन प्रश्न विचारले तर उत्तराला वजन येतं. मात्र गावाची गोष्ट सांगत बसायचं नाही. अनुभव एका वाक्यात, त्यातून निघणारा मुद्दा दुसऱ्या वाक्यात, आणि मागे कायदा किंवा आकडा. तेवढी शिस्त शिकवता येते आणि सहा महिन्यांत ती अंगी बाणते.

चौथा पेपर नीतिशास्त्राचा. २०१३ पासून तो आहे आणि त्याच्या निम्म्या भागात प्रसंग देऊन विचारतात, तुम्ही या जागी असता तर काय केलं असतं. इथे मुलं संतासारखी उत्तरं लिहितात: मी राजीनामा देईन, मी कुणाचंही ऐकणार नाही. मी विचारते, राजीनामा दिल्यावर त्या गावच्या पाणीपुरवठ्याचं काय झालं? कोणता आदेश लेखी मागाल, कुणाला कळवाल, पहिल्या दिवशी काय कराल, तक्रार करणाऱ्याला संरक्षण कसं द्याल, हे लिहा. जी मुलं घरात भांडणं मिटवताना, लग्नात जेवणाची व्यवस्था बघताना, आजाऱ्याला घेऊन सिव्हिलला धावताना जबाबदारी घेत आली आहेत, ती हा पेपर फार चांगला लिहितात.

वैकल्पिक विषय कोणता घ्यावा यावर अभ्यासिकांमध्ये रात्र रात्र चर्चा होते. मराठी साहित्य मला जवळचं आहे, म्हणून त्याच्याबद्दलच बोलते. दोन पेपर, पाचशे गुण. पहिल्यात भाषा, लोकसाहित्य आणि वाङ्मयाचा इतिहास, दुसऱ्यात नेमलेल्या साहित्यकृती. त्यांत 'स्मृतिस्थळ' आहे, फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' आहे, केतकरांची 'ब्राह्मणकन्या', बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती', कुसुमाग्रजांचा 'विशाखा', नारायण सुर्व्यांचा 'जाहीरनामा'. गुण मिळतात असं ऐकून जी मुलं हा विषय घेतात ती यातली पुस्तकं न वाचता त्यांचे सारांश वाचतात आणि अडकतात. ज्यांना वाचायला आवडतं त्यांना तो बळ देतो. १८८३ चा 'असूड' नीट वाचलेला मुलगा शेतकरी, नोकरशाही आणि शिक्षण यांवर निबंध लिहिताना अडखळत नाही. अभियांत्रिकीची, भूगोलाची किंवा वैद्यकाची पदवी असेल आणि तो विषय आवडत असेल तर तोच घ्यावा.

दिल्लीला पाठवावं का, हे पालक विचारतातच. जुन्या राजेंद्रनगरात आणि मुखर्जीनगरात देशभरची मुलं राहतात. तिथली खोली, क्लास, जेवण यांचा खर्च शेत विकायला लावतो. २७ जुलै २०२४ ला राजेंद्रनगरात एका क्लासच्या तळघरातल्या ग्रंथालयात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. त्यानंतर कित्येक आईवडिलांनी मला फोन केले, आणि त्यांच्या आवाजातली भीती मला अजून ऐकू येते. माझं उत्तर तेव्हाही तेच होतं, आताही तेच आहे: शेत विकू नका. व्याख्यानं आता मोबाइलवर मिळतात. उत्तर तपासून देणारं माणूस मात्र हवं, आणि ते जिथे मिळेल तिथे राहावं. सरकारी सोयींची माहिती गावात पोचत नाही, ती इथे देते. मुंबईत १९७६ पासून राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था आहे, आणि नागपूर, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती इथेही राज्याची पूर्व प्रशिक्षण केंद्रं आहेत. प्रवेश चाचणी देऊन जाता येतं. ठाण्यात महापालिकेची चिंतामणराव देशमुखांच्या नावाची संस्था आहे. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या गटांतल्या मुलांना प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवणं हे घरच्यांना सहज करता येणारं काम आहे.

मुलाखतीची धास्ती जितकी असते तितकी ती घाबरवणारी नाही. ती मराठीतून देता येते, दुभाषा असतो. प्रश्न बहुतेक उमेदवाराने स्वतः भरलेल्या अर्जातून निघतात: जिल्हा, पदवी, छंद, आधीची नोकरी. छंद 'वाचन' लिहिलं असेल तर शेवटचं वाचलेलं पुस्तक खरोखर वाचलेलं असावं, एवढं सांभाळावं.

वेळेचा फास मात्र खरा आहे. २०२४ च्या परीक्षेचा अंतिम निकाल २२ एप्रिल २०२५ ला लागला आणि पुढची पूर्वपरीक्षा २५ मे २०२५ ला होती. मुलाखतीपर्यंत जाऊन ज्याचं नाव आलं नाही, त्याला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायला महिनाभर मिळाला. या चक्रात वर्षं कशी जातात ते बाहेरून दिसत नाही. म्हणून पहिल्याच वर्षी कागदावर लिहून ठेवावं की कोणत्या वयाला, कोणत्या निकालानंतर दुसरी वाट धरायची, आणि ते घरच्यांसमोर लिहावं. राज्यसेवा ही जवळची वाट आहे, आणि २०२५ पासून तिची मुख्य परीक्षाही वर्णनात्मक झाली आहे. २०२३ मध्ये पुण्यात मुलं या बदलाविरुद्ध रस्त्यावर बसली होती. मुदत मिळावी ही त्यांची मागणी रास्त होती आणि ती मान्यही झाली. पण बदल आला हे मला बरं वाटलं, कारण लिहिण्याचा सराव आता दोन्हीकडे कामाला येतो. केंद्रीय मुलाखतीपर्यंत जाऊन राहिलेल्यांची माहिती त्यांच्या संमतीने नोकरी देणाऱ्यांपुढे ठेवण्याची 'प्रतिभा सेतू' ही सोयही आयोगाने केली आहे. तिचा लाभ घ्यायला लाजू नये.

घरच्यांनी काय करावं, हा प्रश्न उरतो. "अजून किती दिवस?" ऐवजी "आज काय लिहिलंस, वाचून दाखव" असं विचारावं. मराठीतून परीक्षा देणाऱ्या मुलांच्या घरी हे जमतं, कारण उत्तर आईला कळतं.

नंदुरबारची एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे आली. आई आशा सेविका. मुलीने माता-आरोग्यावर उत्तर लिहिलं: जननी सुरक्षा योजना २००५, मोफत रुग्णवाहिका, आणि शेवटी 'संस्थात्मक प्रसूती वाढवण्यासाठी जनजागृती आवश्यक'. रात्री फोनवर तिने ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "जागृती सगळ्यांना आहे गं. ती दवाखान्यात दोन दिवस राहिली तर घरच्या धाकट्याला कोण बघणार, ते लिही. आणि गाडी न्यायला येते, परत सोडायला बोलावलं तर उशीर होतो, तेही लिही." बाळंतिणीला मोफत घरी सोडण्याची हमी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे, हे मुलीला ठाऊक होतं. तिने शेवटचा परिच्छेद खोडला आणि तिथे ती हमी, तिच्या अंमलबजावणीतली फट आणि दवाखान्याजवळ मोठ्या मुलांसाठी निवाऱ्याची सूचना लिहिली. आता ती दर रविवारी तीन उत्तरं आईला वाचून दाखवते, आणि आईने सांगितलेल्या दुरुस्त्या समासात हिरव्या शाईने लिहून मगच वही माझ्याकडे तपासायला देते.